फॉर्मवर ‘उत्तम’, रॅकवर पुस्तक नाही : नवी मुंबईतल्या एका विद्यापीठ ग्रंथालयाचं प्रकरण

नवी मुंबईत ट्रान्स-हार्बर मार्गावरच्या एका स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर हे खासगी विद्यापीठ आहे. अभियांत्रिकी, विधी, व्यवस्थापन आणि अलीकडे सुरू झालेल्या कला व सामाजिक शास्त्रांच्या शाखा. विद्यार्थी ठाणे, कळवा, दिवा, घणसोली, पनवेलकडून येतात. जानेवारी २०२४ मध्ये लोकल थेट उरणपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून तिकडची मुलंही बऱ्यापैकी दिसतात. विद्यापीठाचं किंवा कुणा व्यक्तीचं नाव मी इथे देत नाही. प्रकरण समजायला त्याची गरजही नाही.

ग्रंथालय समितीसमोर प्रस्ताव होता आरएफआयडी यंत्रणेचा, म्हणजे रेडिओ लहरींनी पुस्तक ओळखणाऱ्या यंत्रणेचा. प्रत्येक पुस्तकाला टॅग, दारात गेट, आणि विद्यार्थ्याने स्वतःच पुस्तक घ्यायची-परत करायची यंत्रं. पैसे एकाच मोठ्या कामापुरते होते. व्यवस्थापनाने साधा प्रश्न विचारला : वाचकांना हे हवं आहे कशावरून? ग्रंथपाल मॅडमनी मागच्या काही वर्षांचे अभिप्राय काढले. पानोपान ‘उत्तम’ आणि ‘चांगले’. त्यावरून आरएफआयडी हवं असं म्हणता येईना आणि नको असंही म्हणता येईना. दुसरीकडे पुस्तकांची देवघेव दरवर्षी घटत चाललेली, आणि वाचनकक्षात गर्दी फक्त परीक्षेपुरती. मी ग्रंथालयशास्त्र शिकवते आणि या समितीवर बाहेरची सदस्य म्हणून होते. अभिप्राय नव्याने घ्यायचे ठरले तेव्हा आखणीचं काम माझ्याकडे आलं.

जुन्या फॉर्ममागे कुणाचा वाईट हेतू नव्हता. नॅक ही उच्च शिक्षण संस्थांचं मूल्यांकन करणारी परिषद. तिच्या मूल्यांकनात ग्रंथालय चौथ्या निकषात येतं, आणि अभिप्राय घेतले तर त्यांवर पुढे काय केलं हेही दाखवावं लागतं. त्यामुळे असा फॉर्म बहुतेक संस्थांत असतोच. घोळ होता तो भरून घेण्याच्या वेळेत. सत्र संपताना विद्यार्थी नो-ड्यूजचा, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा, शिक्का घ्यायला काउंटरवर येतो, तेव्हा त्याच्यापुढे क्यूआर कोड धरला जायचा. ज्यांच्याकडून शिक्का हवा तेच कर्मचारी समोर उभे, आणि फॉर्म उघडायला विद्यापीठाचा ईमेल आयडी. अशा वेळी ‘असमाधानकारक’वर कोण टिक करेल? प्रश्नही असे की उत्तर देणाऱ्याची पंचाईत व्हावी : ‘ग्रंथालयातील सुविधा व कर्मचाऱ्यांचे सहकार्य समाधानकारक आहे का?’ सुविधा बऱ्या पण सहकार्य नाही, असं ज्याला वाटतं त्याने काय भरायचं?

ग्रंथालयाच्या सेवेबद्दल वाचकांना विचारायचं एक जगभर वापरलेलं साधन आहे लिबक्वाल. अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या साथीने २०००च्या सुमारास ते उभं केलं. त्यात गाभ्याचे प्रश्न २२, आणि प्रत्येक प्रश्नाला १ ते ९ च्या पट्टीवर तीन उत्तरं : किमान किती चालेल, किती हवं, आणि प्रत्यक्षात किती मिळतं. प्रत्यक्षात मिळणारं किमानाच्याही खाली गेलं, की तिथे दुखतंय हे कळतं. कल्पना मला फार मोलाची वाटते. पण आमचा प्रश्न वेगळा होता. आम्हाला इतर ग्रंथालयांशी तुलना करायची नव्हती, आणि एकेका प्रश्नाला तीन-तीन आकडे भरायला पहिल्या वर्षाची मुलं थांबली नसती. त्यातली एक गोष्ट मात्र उचलली. ‘किती आवडलं’ हे विचारायचं नाही, ‘कुठे कमी पडलं’ हे विचारायचं.

म्हणून मत विचारणं बंद केलं आणि काम विचारायला सुरुवात केली. ‘आज कशासाठी आलात? काम झालं का? नसेल तर कुठे अडलं?’ चिठ्ठीवर एवढेच तीन प्रश्न. नाव नको, रोल नंबर नको. मराठी, हिंदी, इंग्रजी, जी येईल ती भाषा. पेटी बाहेरच्या दाराशी, काउंटरच्या नजरेआड ठेवली आणि किल्ली समितीकडे. आठवणीतल्या वर्षभराबद्दल विचारलं की माणूस सरासरी काढून सौम्य उत्तर देतो. आजच्या अर्ध्या तासाबद्दल विचारलं की तो रॅकचा नंबरसुद्धा सांगतो. वेळही मुद्दाम सत्राच्या मधली निवडली. परीक्षेच्या दिवसांत ग्रंथालयात येणारे बरेच जण स्वतःची पुस्तकं घेऊन फक्त जागेसाठी येतात, त्यांच्याकडून पुस्तकांबद्दल काही कळत नाही.

दुसरं साधन होतं देवघेव काउंटरवर ठेवलेली एक साधी वही. कर्मचाऱ्यांनी तिचं नाव पाडलं ‘नकार वही’. वाचकाला जेव्हा जेव्हा ‘नाही’ म्हणावं लागेल तेव्हा एका ओळीत नोंद करायची : काय मागितलं आणि काय सांगितलं. या वहीने जे दाखवलं ते दुसऱ्या कशानेही दाखवलं नसतं, म्हणून तिच्यातल्या काही ओळी जशा होत्या तशाच देते :

‘मेकॅनिकल, तिसरं वर्ष. संगणकावर उपलब्ध, रॅकवर नाही. उद्या या सांगितलं.’

‘तोच मुलगा. आजही नाही.’

‘एमए. तुकारामांवरचं समीक्षेचं पुस्तक. संगणकावर सापडत नाही. कपाटात होतं, आठवणीने काढून दिलं.’

‘बीबीए. बॅग आत न्यायची आहे म्हणाली. नियमात नाही. परत गेली.’

तिसरं साधन म्हणजे विद्यार्थ्याबरोबर चालणं. अभ्यासक्रमातलं एक पुस्तक शोधायला सांगायचं आणि मागे मागे जायचं, मदत न करता. चौथं, ग्रंथालयात न येणाऱ्यांना गाठणं. हे सर्वांत कठीण आणि सर्वांत जरुरीचं होतं. कॅन्टीन, वसतिगृह, संध्याकाळचे वर्ग. ग्रंथालयाच्या दारात ठेवलेल्या पेटीत न येणाऱ्याची चिठ्ठी कशी पडणार? पाचवं, ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या पुस्तकसूचीत, काय शोधलं गेलं आणि कशाला ‘शून्य निकाल’ आले याची यादी. ती यंत्रणेत नोंदली जात होती, फक्त कुणी उघडून पाहिली नव्हती.

सुरुवातीलाच काम अडलं ते कर्मचाऱ्यांपाशी, आणि त्यांची बाजू मला पूर्ण पटते. देवघेव विभागातले एक सर म्हणाले, ‘मॅडम, ही वही म्हणजे आमच्याच हाताने आमच्यावर पुरावा.’ कंत्राटी परिचरांना तर पुढच्या नेमणुकीचीच धास्ती. ग्रंथपाल मॅडमनी मग लेखी दिलं की वहीतली कोणतीही नोंद कुणाच्या गोपनीय अहवालात किंवा कामाच्या मूल्यमापनात वापरली जाणार नाही, आणि वहीत सही किंवा नाव लागणार नाही. त्या कागदानंतर वही भरू लागली. अभिप्रायाची कोणतीही योजना आखताना हा कागद आधी आणि प्रश्नावली नंतर, असा क्रम मी आता सर्वांना सांगते.

चिठ्ठ्यांमध्ये संख्येने सर्वांत जास्त तक्रारी होत्या पंखे, एसी, चार्जिंगचे पॉइंट आणि तळमजल्यावर मोबाइलला रेंज नसण्याच्या. खऱ्याच होत्या. त्यांची दुरुस्ती लगेच सुरू झाली आणि त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. पण फक्त मोजणी करून थांबलो असतो तर अहवाल एसीवर संपला असता.

नकार वही आणि बरोबर चालणं, दोन्ही एकाच जागी येऊन थांबत होतं : ओपॅक म्हणतो पुस्तक आहे, रॅक म्हणतो नाही. विधी शाखेच्या एका विद्यार्थिनीबरोबर मी स्वतः चालले. तिने वर्गांक, म्हणजे पुस्तकाची रॅकवरची जागा सांगणारा क्रमांक, हाताच्या तळव्यावर पेनाने लिहिला, दुसऱ्या मजल्यावर गेली, रॅक बरोबर शोधला, बोट फिरवत पूर्ण ओळ पाहिली, मग वरची, मग खालची. पुस्तक नाही. खाली काउंटरवर आली. ‘सर, तिथे नाहीये.’ ‘असेल, नीट बघ.’ पुन्हा वर. या खेपेला तिने मागचा रॅकही पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आमच्या ग्रुपवर पीडीएफ आहे, तेच वाचते मी नेहमी. तुम्ही शोधायला सांगितलंत म्हणून शोधलं.’ देवघेव का घटतेय याचं निम्मं उत्तर मला त्या वाक्यात मिळालं.

पुस्तकं जातात कुठे? याचं उत्तर कोणत्याही प्रश्नावलीत आलं नसतं. ते एका परिचर मावशींनी दिलं. परीक्षा जवळ आली की मुलं हवं ते पुस्तक भलत्याच विषयाच्या रॅकमध्ये मागच्या बाजूला सरकवून ठेवतात, उद्या आपल्यालाच मिळावं म्हणून. कोणत्या विषयाची पुस्तकं कोणत्या रॅकमागे सापडतात हे मावशींना तोंडपाठ होतं. अभियांत्रिकीची बरीचशी त्यांनी अर्थशास्त्राच्या मागून काढून दाखवली. काही प्रती प्राध्यापकांच्या नावावर वर्षानुवर्षं होत्या, काही परत येऊन ट्रॉलीवरच पडून होत्या. आणि काही खरोखरच गहाळ झालेल्या, पण यंत्रणेत अजून ‘उपलब्ध’.

गहाळ पुस्तकाला ‘गहाळ’ का म्हटलं जात नाही? भीतीपोटी. गेलेल्या पुस्तकाची किंमत आपल्या पगारातून कापली जाईल ही भीती आपल्याकडच्या ग्रंथालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. म्हणून यादी घेऊन रॅकवरची पुस्तकं तपासायची पडताळणी पुढे ढकलली जाते, आणि त्याची किंमत वाचक मजले चढून-उतरून मोजतो. वस्तुतः केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधला नियम २१५ याबाबत बराच समजूतदार आहे. वाचकांना दिलेल्या किंवा ग्रंथालयात बसून वाचलेल्या दर १००० ग्रंथांमागे वर्षाला ५ ग्रंथ गहाळ होणं तो वाजवी धरतो, अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा वा निष्काळजीपणा नसावा. १००० रुपयांहून महाग ग्रंथाची, आणि किंमत काहीही असली तरी दुर्मीळ ग्रंथाची, मात्र चौकशी व्हावीच लागते. २०,००० पर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी, ५०,००० पर्यंत किमान तीन वर्षांतून एकदा, आणि त्याहून मोठ्या संग्रहाची तीन वर्षांच्या आत नमुना पडताळणी. त्यात तूट अवाजवी दिसली तर पूर्ण. हा नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहे, खासगी विद्यापीठाला तो थेट लागू नाही. पण समितीने तोच नमुना धरून स्वतःचं धोरण मंजूर करावं, असं मी सुचवलं.

मराठी पुस्तकांची गोष्ट वेगळीच निघाली. शून्य निकालांच्या यादीत देवनागरीतले शोध भरपूर होते, आणि त्यातली कित्येक पुस्तकं कपाटात होती. काही नोंदी रोमन लिपीत केलेल्या. काही युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची समान पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, म्हणजे पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं. आणि काही युनिकोडमध्ये असूनही सापडत नव्हत्या. ‘ॲ’ हे अक्षर संगणकावर दोन प्रकारे तयार होतं : एक अखंड ‘ॲ’, जो युनिकोडमध्ये २००८ साली आला, आणि दुसरा ‘अ’वर चंद्र चढवून केलेला ‘अॅ’. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे. नोंद एका प्रकारे आणि शोध दुसऱ्या प्रकारे झाला, तर दोघांची गाठ पडत नाही. मोबाइलचा कीबोर्ड एक देतो, कार्यालयातला जुना संगणक दुसरा. एमएचा एक विद्यार्थी म्हणाला की मराठी पुस्तक हवं असेल तर तो विद्यापीठात शोधतच नाही, ठाण्याला घरी जाताना मराठी ग्रंथ संग्रहालयात जातो. १८९३ साली स्थापन झालेली ती संस्था आजही विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला आधार देते याचा मला आनंद आहे. पण ते पुस्तक विद्यापीठाच्या कपाटातही होतं, फक्त त्याला दिसत नव्हतं.

संध्याकाळचा वर्ग हा तर पूर्ण निसटलेला वाचक होता. महापे-ऐरोलीकडच्या कार्यालयांतून सुटून विधी आणि व्यवस्थापनाच्या वर्गांना येणारी ही मंडळी पोहोचतात तेव्हा वाचनकक्ष उघडा असतो, देवघेव काउंटर मात्र बंद. त्यांची एकही चिठ्ठी पेटीत नव्हती आणि नकार वहीतही एक ओळ नव्हती, कारण त्यांना ‘नाही’ म्हणायलासुद्धा तिथे कुणी नसायचं. वर्गात जाऊन विचारल्यावर एक बाई शांतपणे म्हणाल्या, ‘फी आम्हीही पूर्ण भरतो.’

बॅगेची गोष्ट चिठ्ठीत ‘बॅग आत न्यायला द्या’ इतकीच होती. तेवढ्यावरून समितीला वाटलं, मुलांना सोय हवी आहे. वसतिगृहात मुलींशी निवांत बोलल्यावर कारण कळलं : पाळीच्या दिवसांत लागणाऱ्या वस्तू बॅगेत असतात, आणि बाहेर बॅगा ठेवायच्या प्रॉपर्टी काउंटरवर टोकन दाखवून सारखी बॅग मागायची लाज वाटते. म्हणून त्या दिवसांत त्या येतच नाहीत. लेखी अभिप्राय कितीही निनावी केला तरी हे त्यात उतरलं नसतं.

एक अभिप्राय अगदी एकट्याचा होता. दृष्टी अधू असलेल्या एका विद्यार्थ्याने सांगितलं की ग्रंथालयाने दिलेल्या पीडीएफ म्हणजे पानांचे नुसते फोटो आहेत, त्याचं स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्या वाचू शकत नाही. समितीत एक प्राध्यापक म्हणाले, ‘एकच तर तक्रार आहे.’ माझं म्हणणं होतं की इथे मोजणी गैरलागू आहे, कारण ज्याचा सगळा अभ्यास अडलाय तो एकटा असला तरी अडलेलाच आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा दिव्यांग वाचकांसाठी सुलभ स्वरूपातली प्रत करायला परवानगी देतो, आणि दृष्टिहीन वाचकांना पुस्तकं मिळावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला भारताने २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली. म्हणजे कायदा आड येत नव्हता. त्याच्या अभ्यासक्रमातली पुस्तकं मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून द्यायला त्याच आठवड्यात सुरुवात झाली.

पीएचडीच्या संशोधकांची एक मागणी मान्य करता आली नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची जर्नल्सची योजना सुरू झाली, आता सगळी जर्नल्स मोफत मिळायला हवीत, असा त्यांचा आग्रह. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स त्यात आहेत हे खरं, पण पहिला टप्पा सरकारी संस्थांसाठी आहे. ग्रंथपाल मॅडमनी हे टाळलं नाही, समोर बसवून समजावलं, आणि जी जर्नल्स विद्यापीठ स्वतः घेतं ती घरून उघडण्याची सोय आहे हेही दाखवलं. ती सोय असल्याचं त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं.

निष्कर्ष समितीत मांडताना आम्ही शाखावार तक्ते केले नाहीत. वाचकाचं काम कुठल्या पायरीवर अडतं, यानुसार मांडणी केली : पुस्तक आहे हे कळणं, ते रॅकवर मिळणं, ते घरी नेता येणं, बसून वाचता येणं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, समितीच्या बैठकीच्याच सभागृहात फ्रेममध्ये लावलेलं आहे. आरएफआयडीचा प्रस्ताव त्या कसोटीवर तपासला, तेव्हा दिसलं की स्वयं-देवघेवीची यंत्रं ज्या रांगेसाठी घ्यायची होती ती रांगच फारशी नव्हती. कुणाच्याही चिठ्ठीत रांगेची तक्रार नव्हती. टॅगमुळे पडताळणी झटपट होते हा खरा फायदा, पण चुकीच्या यादीवर टॅग लावून काय साधणार?

तेव्हा ठरलं ते असं. आरएफआयडी एक वर्ष पुढे. उन्हाळी सुट्टीत पूर्ण पडताळणी, आणि न सापडलेल्या प्रतीला ओपॅकवर स्पष्ट ‘गहाळ’ हा शेरा. पडताळणीत निघालेल्या वाजवी तुटीबद्दल कर्मचाऱ्यांकडून वसुली नाही, हा ठराव त्याआधी. संध्याकाळी काउंटर उघडा ठेवायला पाळी बदलून एक कर्मचारी, आणि त्या पाळीतल्यांना घरी जायला सोयीची गाडी मिळेल अशी सुटण्याची वेळ. लहान पाउच आत न्यायची मुभा. मराठी नोंदींची दुरुस्ती शून्य निकालांच्या यादीवरून, ज्याला मागणी जास्त ते आधी. परिचर मावशींना रोज सकाळी रॅक फेरीसाठी वेगळा वेळ दिला, आणि लपवलेली पुस्तकं शोधणं हे त्यांच्या कामाच्या यादीत रीतसर लिहिलं गेलं.

दाराशी एक फलक लावला. डावीकडे वाचकांनी काय सांगितलं, उजवीकडे काय केलं किंवा का करता येत नाही. चोवीस तास वाचनकक्षाची मागणी मोठी होती. तिथे सुरक्षारक्षक, रात्री उशिरा स्टेशनपर्यंत जाणाऱ्या मुलींची व्यवस्था आणि खर्च ही कारणं सरळ लिहिली, ‘विचाराधीन’ असं लिहून वेळ मारून नेली नाही. मला या फलकातला नकाराचा भाग होकाराइतकाच महत्त्वाचा वाटतो. कारण पुढच्या चिठ्ठ्या बदलल्या. ‘एसी नाही’, ‘छान आहे’ यांच्या जागी वर्गांक, लेखक, आवृत्ती, वार, वेळ येऊ लागली. तक्रारींची संख्या वाढली, आणि व्यवस्थापनातल्या एकांनी काळजीने विचारलं की ग्रंथालय बिघडतंय का. मॅडमनी त्यांना दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून दाखवल्या, एक जुन्या पद्धतीची आणि एक नवी. त्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही, पण नॅकसाठीच्या अहवालात तक्रारी गाळू नयेत हे त्यांनी मान्य केलं.

प्राध्यापकांकडच्या पुस्तकांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. स्मरणपत्रं गेली, काही पुस्तकं आली, बरीचशी आली नाहीत. विद्यार्थ्याला दंड आणि प्राध्यापकाला मुदतच नाही, हा फरक विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्यांत आता नावानिशी येतो, आणि नावं गाळून तो फलकावर लिहावा की नाही यावर समितीत दोन तट आहेत. मी लिहावा या बाजूची आहे. एखाद्या पुस्तकाला दुसऱ्या वाचकाची मागणी नोंदली गेली की कोणत्याही सभासदाने, मग तो कुणीही असो, ते पंधरा दिवसांत परत करावं, असा ठराव मसुद्याच्या स्वरूपात कुलसचिवांकडे गेला आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तो पहिला आहे, आणि नकार वहीतल्या त्या संबंधीच्या ओळी त्याला जोडल्या आहेत.